फवारणी करूनही कीड परत येते, तेव्हा कुठे पाहायचं

"औषध मारलं की चार दिवस बरं वाटतं, आठव्या दिवशी पुन्हा तेच." भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. पाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला असतो, "आता कोणतं मारू?" माझं म्हणणं असं की हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायला हवं, की परत आलेली कीड आली कुठून? औषध पडलं तेव्हा ती अंड्यात होती, की मातीत? औषध तिच्यापर्यंत पोचलंच नाही, की पोचूनही ती मेली नाही? शेजारच्या जुन्या प्लॉटमधून उडून आली? की जिच्यासाठी फवारलं ती कीड मुळात झाडावर नव्हतीच? या प्रत्येक उत्तराचा उपाय वेगळा आहे. काही उपायांना तर बाटली उघडावीच लागत नाही.

हे शोधायचं तर पाहणी नीट हवी, आणि पाहणी उभ्याने होत नाही. वाकावं लागतं, पान उलटावं लागतं, शेंडा हातात धरून उलगडावा लागतो. ऊन चढण्याआधी प्लॉटमध्ये जा, कारण त्या वेळी पंखवाले किडे सुस्त असतात आणि चटकन उडत नाहीत. सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक कोरा पांढरा कागद ठेवा. कडेकडेने फेरी मारून परतू नका. बाहेरून येणारी कीड आधी बांधालगत उतरते, त्यामुळे कडेची झाडं पाहून अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. नागमोडी चालत आतली वीस-पंचवीस झाडं निवडा आणि प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून पाहा. काय दिसलं ते वहीत तारखेसह लिहा. ही वही पुढे औषधापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पानाला भोकं आहेत किंवा कडा कुरतडलेल्या आहेत, आणि जवळपास काळी-हिरवी विष्ठा पडली आहे, तर कीड चावून खाणारी आहे. तिथे अळी किंवा भुंगेरा शोधायचा. दिवसा काहीच सापडत नसेल तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा. लष्करी अळीसारख्या अळ्या दिवसा पानांखाली, मातीच्या ढेकळांत दडून बसतात. कोवळी रोपं बुडाशी कापून पडलेली दिसली तर त्याच रोपाच्या बुंध्याभोवतीची माती बोटाने उकरा, गुंडाळी करून पडलेली कुरतडणारी अळी बहुधा तिथेच मिळते. पण पान अखंड आहे आणि तरी ते पिवळं, वाकडं, चिकट किंवा तेजहीन झालंय, तर रस शोषणारी कीड असण्याची शक्यता जास्त. सर्वांत जास्त गफलत याच गटात होते, म्हणून तिथे जरा थांबू.

पानं वळली, म्हणजे नक्की काय झालं?

मिरचीचं उदाहरण घ्या. पानं आकसली, शेंडा गोळा झाला, झाड खुजं राहिलं. याला सरसकट चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात आणि एकच औषध सगळीकडे मारलं जातं. प्रत्यक्षात या एका लक्षणामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि चारही ठिकाणी करायचं काम निरनिराळं आहे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या आहेत, खालून पान चंदेरी किंवा तपकिरी खरवडल्यासारखं दिसतंय, तर फुलकिडे पाहा. शेंडा किंवा उमललेलं फूल पांढऱ्या कागदावर झटका. एखाद मिलीमीटर लांबीचे पिवळसर, तपकिरी किंवा काळपट बारीक किडे कागदावर पळताना दिसतील. फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या पेशीत खुपसून घालते. पिल्लं पानावर खातात आणि मग बहुतेक जातींत ती जमिनीवर उतरून माती-पाचोळ्यात कोषावस्था काढतात. म्हणजे तुम्ही फवारता त्या दिवशी किडीचा एक भाग पानाच्या आत आहे, एक भाग मातीत आहे आणि औषध लागतंय ते फक्त मधल्या पिल्लांना आणि वरच्या प्रौढांना. आठवड्यात अंडी फुटतात, कोषातून प्रौढ बाहेर पडतात आणि वाटतं की औषध बोगस निघालं. औषधाने आपलं काम केलेलं असतं. फुलकिड्यांवर एक फवारा पुरत नाही, तो याच कारणाने. पाच-सात दिवसांनी पुन्हा पाहणी करून, पिल्लं दिसली तर दुसरा फवारा घ्यावा लागतो.

कडा खालच्या बाजूला वळल्या आहेत, पानाचा देठ लांबलाय, शेंड्याची पानं अरुंद, जाडसर आणि ठिसूळ झालीत, तर पिवळा कोळी समजा. हा कीटक नाही, आठ पायांचा कोळी आहे. याचा आकार जेमतेम ०.२ मिलीमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही आणि "झाडावर किडाच नाही" असं वाटतं. कोवळ्या पानाची खालची बाजू उजेडात धरून भिंगाखाली पाहा. सावकाश सरकणारे, काचेसारखे पिवळसर ठिपके दिसतील आणि पांढऱ्या उंचवट्यांच्या ओळी असलेली लंबगोल अंडी दिसतील. इथे इमिडाक्लोप्रिड कितीही वेळा फवारा, कोळी मरणार नाही, कारण ते कोळीनाशक नाही. पाण्यात मिसळणारं गंधक किंवा लेबलवर त्या पिकासाठी नोंद असलेलं कोळीनाशक लागतं. गंधक कडक उन्हात आणि वेलवर्गीय पिकांवर पानं जाळू शकतं, तेवढं सांभाळा.

तिसरं कारण विषाणू. पानं वर वळून लहान होतात, शिरा फिकट किंवा जाड होतात, पेरी आखूड राहतात आणि मुख्य म्हणजे नवी येणारी पालवीही तशीच येते. कीड गेली तरी झाड सुधारत नाही. मिरचीतला पर्णगुच्छ, टोमॅटोतला बोकड्या, भेंडीतला केवडा हे सगळे पांढरी माशी पसरवणारे विषाणू. असं झाड औषधाने बरं होत नाही, हे मनाला पटवून घ्यायला लागतं. लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात अशी झाडं दिसली की हलक्या हाताने उपटून पिशवीत घालून प्लॉटबाहेर न्या. उपटायच्या आधी त्यावरची पांढरी माशी आटोक्यात आणा, नाहीतर हलवलेल्या झाडावरून ती उठून शेजारच्या निरोगी झाडांवर बसते.

चौथं कारण किडीशी संबंधित नसतंच. तणनाशकाचा पंप न धुता वापरला किंवा बाजूच्या शेतातून २,४-डी हे तणनाशक वाऱ्याने उडून आलं, तर पानं अरुंद होतात, शिरा एकमेकींना समांतर होऊन पान पंख्यासारखं दिसतं, देठ पिळवटतात. ओळखायची खूण सोपी आहे. हे नुकसान एकाच वेळी, वाऱ्याच्या दिशेच्या सगळ्या झाडांवर, कडेला जास्त आणि आत कमी असं दिसतं आणि त्यानंतर नवीन झाडांवर पसरत नाही. कीड कधीच अशी एका दिवसात सगळीकडे येत नाही.

वांगी आणि भेंडीतले तुडतुडेही अशीच दिशाभूल करतात. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लालसर-तपकिरी होऊन वर वळतात आणि ते पाहून पालाशची कमतरता समजून खत टाकलं जातं. पान उलटा. पाचरीच्या आकाराचे हिरवट किडे तिरपे, आडवे चालत पळाले तर ते तुडतुडे. कमतरता असेल तर तिथे पळणारं काही नसतं आणि लक्षण बहुधा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतं.

मावा ओळखायला त्यामानाने सोपा. कोवळ्या शेंड्यावर आणि पानाखाली दाटीने बसलेले मऊ किडे, पाठीच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या, खालच्या पानांवर चिकटा, त्यावर वाढलेली काळी बुरशी आणि झाडावर चढ-उतार करणारे मुंगळे. माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालते आणि उबदार हवेत ते पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालायला लागतं. मावा इतक्या झपाट्याने परत का येतो, याचं उत्तर एवढ्यात आहे. त्यात नत्र जास्त पडलं असेल तर लुसलुशीत पालवीवर तो आणखी फोफावतो. मावा हटत नसेल तर युरियाचा हिशेब आधी तपासा.

औषध लागतं, पण चुकीच्या दिवशी

पांढरी माशी हे याचं ठळक उदाहरण. झाड हलवलं की पांढऱ्या माशांचा थवा उठतो, म्हणून माणूस उडणाऱ्या माशीवर फवारतो. पण संख्येचा मोठा भाग पानाखाली चिकटलेल्या, खवल्यासारख्या चपट्या पिल्लांत आणि कोषासारख्या शेवटच्या अवस्थेत असतो. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात. नुसते प्रौढ मारले तर कोषातून पुढच्या काही दिवसांतच नवी फौज बाहेर येते. पानाखाली पिल्लं जास्त दिसत असतील तर पिल्लांच्या वाढीवर काम करणारं औषध निवडा आणि ते पानाच्या खालच्या बाजूला लागेल असं फवारा. वरून पान ओलं दिसणं म्हणजे फवारणी झाली असं नाही. पाणी-संवेदी कागदाचे, म्हणजे थेंब पडला की रंग बदलणाऱ्या कागदाचे तुकडे पानाखाली लावून एकदा स्वतः पाहा. बहुतेकांना धक्का बसतो. नोझल झिजलेलं असतं, पंपाचा दाब कमी असतो, आणि दाट वाढलेल्या वांग्यात किंवा टोमॅटोत औषध वरच्या वर राहतं.

वांग्यातली शेंडा आणि फळ पोखरणारी अळी याहून अवघड आहे. अंड्यातून बाहेर पडलेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि शिरल्यावर विष्ठेने छिद्र बुजवते. स्पर्शाने काम करणाऱ्या औषधाला तिच्यापर्यंत पोचायला एवढीच वेळ मिळते. म्हणून इथे दर दोन दिवसांनी फवारणाऱ्यांचीही फळं किडतात. माझ्या मते या किडीवर सर्वांत भरवशाचं हत्यार कात्री आहे. झाडाचा एखादाच शेंडा दुपारी मान टाकतो, बाकी झाड टवटवीत असतं. तो शेंडा सुकलेल्या भागाच्या थोडा खाली कापा, चिरून पाहा, आत गुलाबी-पांढरट अळी असते. असे शेंडे आठवड्यातून किमान एकदा सगळ्या प्लॉटमधून गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. किडकी फळंही झाडावर किंवा सरीत ठेवू नका. अख्खं झाडच सुकत असेल तर मात्र अळीच्या मागे लागू नका, ती मर रोगाची खूण असू शकते. आणि मागच्या हंगामातली वांग्याची पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली असेल, तर नव्या लागवडीतली पतंगांची पहिली खेप तिथूनच येते. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावून पतंग कधी वाढतात ते कळतं, पण जुन्या काड्यांचा ढीग तसाच असेल तर सापळ्यांनी फार साधत नाही.

टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी वेळ साधली तर आटोक्यात येते. मादी अंडी एकेक करून वरच्या पानांवर आणि फुलांजवळ घालते. लहान अळी आधी कोवळी पानं आणि फुलं खाते आणि मग फळाकडे वळते. फळात अर्धं अंग आत, अर्धं बाहेर अशी जी अळी दिसते ती मोठी झालेली असते, ती औषधाला दाद देत नाही. एचएएनपीव्ही हा विषाणू किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, लहान अळ्यांवरच चांगले चालतात, आणि अळीने ते खाल्ले तरच. उन्हातल्या अतिनील किरणांनी दोन्ही लवकर निकामी होतात. सकाळी अकरा वाजता बीटी फवारून "जैविकचा काही उपयोग होत नाही" म्हणणं हा त्या औषधावर अन्याय आहे. संध्याकाळी, अळ्या लहान असताना फवारा आणि दोन-तीन दिवस वाट पाहा. अळी लगेच मरत नाही, पण खाणं थांबवते. विषाणूने मेलेली अळी काळी पडून पानावरून उलटी लोंबताना दिसते.

झेंडूची सापळा ओळ इथे खरोखर कामाची आहे, पण वेळ जुळली तरच. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ अशी शिफारस केली जाते. त्यातलं मर्म आकड्यात नाही, वयात आहे. टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं लावायचं तर झेंडूचं ४० दिवसांचं हवं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात आणि मादी अंडी घालायला झेंडूकडे वळते. टोमॅटोनंतर महिन्याने लावलेला झेंडू फक्त शोभेचा.

नागमोडी रेषा दोन प्रकारच्या

टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या रेषा दिसल्या की नागअळी म्हणून मोकळं होऊ नका. रेष बारीक, वेडीवाकडी, हळूहळू रुंद होत जाणारी असेल आणि ती संपते तिथे बिनपायांची पिवळसर अळी असेल, तर ती माशीवर्गीय नागअळी. हिच्यावर नैसर्गिकरीत्या बारीक परोपजीवी कीटक तुटून पडतात आणि खालच्या थोड्या पानांवर रेषा असणं फळांच्या उत्पादनाला सहसा धोक्याचं नसतं. उलट अंदाधुंद फवारणीने ते परोपजीवी मेले की नागअळी बेफाम होते. पण रेषेऐवजी फुगलेला, पारदर्शक डाग असेल, आत काळी विष्ठा साठलेली असेल, अळीला स्पष्ट डोकं आणि पाय असतील, शेंड्यात आणि फळाच्या देठाजवळही छिद्रं असतील, तर ती टुटा अब्सोलुटा. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही कीड २००६ मध्ये स्पेनमध्ये सापडली आणि तिथून पाहता पाहता जगभर पसरली. हिला मोकळीक दिली तर अख्खा प्लॉट जातो. डाग पडलेली पानं काढून नष्ट करणं, कामगंध सापळे, आणि औषधांची काळजीपूर्वक अदलाबदल, तिन्ही एकत्र लागतं.

सापळा लावला, माश्या पडेनात

वेलवर्गीय भाज्यांत, म्हणजे कारली, दोडका, काकडी, भोपळा यांत फळमाशीचा त्रास वर्षानुवर्षं परत येतो आणि सापळे लावूनही फरक पडला नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सापळ्यातली गोळी कोणती आहे ते पाहा. वेलवर्गीय भाज्यांतल्या फळमाशीचे नर क्यू-ल्युअरकडे येतात. फळबागेतल्या माशीसाठी वापरतात ते मिथाइल युजेनॉल तिच्यासाठी कामाचं नाही. चुकीची गोळी लावली तर सापळा महिनाभर टांगून राहील आणि कारली किडत राहतील. दुसरी गोष्ट, ही दोन्ही आमिषं फक्त नरांना ओढतात. अंडी घालणारी मादी त्यात येत नाही. मादीला अंडी पक्व होण्यासाठी प्रथिनं लागतात, म्हणून तिच्यासाठी प्रथिनयुक्त आमिष ठिपक्या-ठिपक्यांनी फवारतात. ते वेलीवर न फवारता कडेच्या मक्यासारख्या उंच पिकावर फवारणं जास्त फायद्याचं ठरतं, कारण ही माशी दिवसाचा बराच वेळ अशा उंच झाडोऱ्यात विसावते आणि अंडी घालण्यापुरती वेलीवर येते.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डंख मारलेलं कोवळं फळ वाकडं होतं, डंखाच्या जागी डिंकाचा थेंब दिसतो, मग ते पिवळं पडून गळतं. आतल्या अळ्या फळ सोडून मातीत शिरतात आणि तिथे कोषात जातात. गळलेलं फळ वेलीखाली राहिलं की तुम्ही स्वतःच्या हाताने पुढची पिढी पेरलीत. दर दोन-तीन दिवसांनी अशी फळं गोळा करून अर्धा मीटरपेक्षा खोल पुरा, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. उकिरड्यावर टाकून काहीच साधत नाही. घरच्यापुरते चार वेल असतील तर फळ धरल्यावर तीन-चार दिवसांत त्याला कागदी पिशवी बांधणं हा सर्वांत खात्रीचा उपाय.

शत्रू समजून मारलेले मित्र

माव्याच्या गर्दीत काळ्या अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी काटेरी अळी फिरताना दिसते. ती बघून घाबरून फवारणी केलेली मी अनेकदा पाहिली आहे. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. ती दिवसभर मावा खाते. पानावर केसासारख्या बारीक दांड्यांच्या टोकाला हिरवट-पांढरी अंडी उभी असतात, ती क्रायसोपा या मित्रकीटकाची. माव्याच्या थव्यात बिनडोक्याची, चपटी, हिरवट अळी सरपटत असते, ती सिरफिड माशीची. मावा फुगून बदामी रंगाचा, कोरडा, गोल झालेला दिसतो, त्याच्या आत परोपजीवी कीटक वाढत असतो, आणि फुगलेल्या माव्याला गोल भोक दिसलं तर तो बाहेर पडून गेलेला असतो. असे फुगलेले मावे दर पानावर दिसायला लागले तर फवारणी थांबवून दोन-चार दिवस पाहा. बऱ्याचदा मावा आपोआप बसतो.

एका जागी मात्र सावध राहा. वांग्याच्या आणि कारल्याच्या पानावर हिरवा भाग खरवडून फक्त जाळी ठेवणारा ठिपकेदार भुंगेरा हाही दिसायला ढालकिड्यासारखाच. फरक असा की मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते, आणि पान खाणाऱ्या भुंगेऱ्याची पाठ बारीक लव असल्याने निस्तेज दिसते. त्याच्या पिवळ्या अळ्यांवर फांद्यांसारखे काटे असतात.

हे मित्र मेले की काय होतं ते लाल कोळ्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतं. अळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे दोन-तीन फवारे झाले, वरून कोरडी, तापलेली हवा, की भेंडीच्या आणि वांग्याच्या पानाखाली जाळी आणि पानावर पांढरट बारीक ठिपके दिसायला लागतात. कोळी खाणारे परभक्षी कोळी आणि भुंगेरे त्या औषधाने मेलेले असतात, लाल कोळी वाचलेला असतो. ३० अंशांच्या आसपास त्याची पिढी साधारण आठवड्यात पुरी होते. मग कोळीनाशक, मग पुन्हा अळीसाठी फवारा, मग पुन्हा कोळी. या फेऱ्यात अडकलेला प्लॉट सोडवायचा तर अळीसाठीचं औषध बदला: बीटी, एनपीव्ही किंवा मित्रांना कमी इजा करणारं औषध. धुळीच्या रस्त्यालगतच्या ओळींवर कोळी जास्त वाढतो, तिथली धूळ पाण्याने बसवली तरी फरक पडतो.

नाव वेगळं, औषध तेच

किडीची प्रतिकारशक्ती ही काल-परवाची गोष्ट नाही. १९१४ मध्ये कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी गंधक-चुन्याच्या द्रावणाला दाद न देणाऱ्या सॅन होजे खवलेकिडीची नोंद केली होती. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची कहाणी तर प्रत्येक कोबी-फ्लॉवर उत्पादकाने लक्षात ठेवावी अशी. डीडीटीला न जुमानणारी पिकावरची कीड म्हणून १९५३ मध्ये जावा बेटावर तिची नोंद झाली, आणि शेतात बीटीला न जुमानणारी पहिली कीड म्हणूनही १९९० मध्ये हवाईत तिचंच नाव पुढे आलं. अळी ओळखायला सोपी: दोन्ही टोकांना निमुळती, फिकट हिरवी, सेंटिमीटरभर. हात लावला की जोरात वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबते. लहान अळी पानाचा एक पापुद्रा शाबूत ठेवून बाकी खाते, त्यामुळे पानाला काचेच्या खिडक्या पडल्यासारखं दिसतं.

अळी मरत नाही म्हणून आपण बाटली बदलतो, पण गट बदलतो का? इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तीन नावं, तिन्ही एकाच ४ए गटातली. क्लोरँट्रानिलीप्रोल, सायँट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडायमाइड तिन्ही २८ गटातली. एमामेक्टिन आणि अबामेक्टिन दोन्ही ६ गटातली. एका औषधाला सरावलेली कीड त्याच गटातल्या दुसऱ्याला बऱ्याचदा दाद देत नाही, कारण दोन्ही तिच्या शरीरात एकाच जागी काम करतात. आयआरएसी या आंतरराष्ट्रीय समितीने हे गट क्रमांक ठरवले आहेत, आणि अनेक बाटल्यांवर ते छापलेले असतात. वहीत औषधाच्या नावाशेजारी गट क्रमांक लिहा. एका पिढीवर जो गट वापरला तो लगेच पुढच्या पिढीवर नको, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ झालं.

डोस वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट जे वाचतात ते जास्त कणखर निघतात. तीन-चार औषधांचं कॉकटेल करण्याबाबतही माझं मत स्पष्ट आहे, ते टाळा. त्यातलं काय लागू पडलं ते कळत नाही, पानं करपण्याचा धोका वाढतो आणि मित्रकीटक उरत नाहीत. आधी साध्या गोष्टी तपासा. पाणी विम्ल असेल, म्हणजे सामू ८ च्या वर असेल, तर मॅलॅथिऑनसारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं टाकीतच विघटित व्हायला लागतात, आणि बीटीलाही असं पाणी मानवत नाही. द्रावण रात्रभर ठेवून सकाळी फवारू नका. कोबी आणि कांद्याच्या मेणचट पानावरून थेंब ओघळतात, तिथे चिकटद्रव्य लागतं. एकरी लागणारं औषध कमी पाण्यात फवारायचं असेल तर मात्रेचा हिशेब नव्याने करावा लागतो, प्रति लिटरचा जुना आकडा चालत नाही.

निंबोळी अर्काकडून लोक एक तर चमत्काराची अपेक्षा ठेवतात किंवा त्याला मोजतच नाहीत. ५ टक्के अर्क म्हणजे ५ किलो निंबोळीच्या गराची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबण घालून १०० लिटर करायचा. त्याने किडी टपाटप मरून पडत नाहीत. खाणं कमी होतं, कात टाकणं बिघडतं, अंडी घालणं कमी होतं. कीड दिसायला लागते त्या सुरुवातीच्या दिवसांत, संध्याकाळी, ताजा अर्क असेल तर तो उत्तम. पानं अळ्यांनी भरल्यावर त्याच्याकडून काही मागू नका.

फवारायचं की नाही

दिसली कीड की मार, हा विचार १९५९ मध्येच मागे पडला. कीटकशास्त्रज्ञ स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली: किडीने होणारं नुकसान नियंत्रणाच्या खर्चाला गाठायला येतं, तेव्हाच हस्तक्षेप. पीक आणि कीड बदलली की पातळी बदलते. विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला रोपावस्थेत फार थोडी सवलत देता येते, तर वाढलेल्या टोमॅटोच्या खालच्या पानांवरच्या नागअळीला बरीच. म्हणून रोपवाटिकेवर बारीक जाळी, चंदेरी आच्छादन आणि प्लॉटभोवती मक्याच्या दाट ओळी यांवर सुरुवातीला खर्च केला तर तो पुढच्या फवाऱ्यांत वाचतो. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी, मावा आणि तुडतुड्यांसाठी, निळे फुलकिड्यांसाठी. ते पिकाच्या शेंड्यालगत लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. धुळीने भरलेला सापळा काही सांगत नाही, तो बदला.

तोडणी सुरू असलेल्या भाजीत आणखी एक गोष्ट औषध ठरवते: लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं किमान अंतर. भेंडी, काकडी, वांगी एक-दोन दिवसांआड तुटतात. ज्या औषधाचा कालावधी पाच-सात दिवसांचा आहे ते अशा पिकात तोडणी थांबवल्याशिवाय मारताच येत नाही. मग ते कितीही प्रभावी असो. खाणाऱ्याच्या ताटात काय जातंय ते आपल्याच हातात आहे, म्हणून इथे तडजोड नको. फुलोऱ्यात फवारायचंच असेल तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. वेलवर्गीय पिकांत फळधारणाच त्यांच्यावर अवलंबून असते. आणि फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ.

इतकं करूनही कीड दबत नसेल तर जाणकाराकडे जरूर जा, पण एका पानाचा फोटो घेऊन जाऊ नका. पूर्ण झाडाचा फोटो, पानाच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो, आणि शक्य असेल तर कीड डबीत घालून न्या. गेल्या महिन्यात कोणती औषधं, कोणत्या गटाची, किती मात्रेत, दिवसाच्या कोणत्या वेळी फवारली, त्यानंतर कितव्या दिवशी कीड पुन्हा दिसली आणि ती लहान अवस्थेत होती की मोठी, हे वहीतून दाखवा. तिसऱ्या दिवशी मोठ्या अळ्या जिवंत दिसत असतील तर औषध पोचलं नाही किंवा प्रतिकारशक्ती आली आहे. आठव्या दिवशी सगळ्या लहान अळ्या दिसत असतील तर ती अंड्यांतून आलेली नवी खेप आहे, आणि औषध बदलण्यापेक्षा दुसऱ्या फवाऱ्याची वेळ नीट ठरवण्याची गरज आहे.